गरोदरपणातला लिपिड रिपोर्ट: आकडे कसे वाचायचे, ताटात काय बदलायचं आणि बाळाच्या वजनाशी त्याचा संबंध काय

सातव्या-आठव्या महिन्यात रक्ततपासणीच्या एखाद्या पॅकेजमधून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड या चरबींची तपासणी, होऊन येते. कोलेस्टेरॉल २६०, ट्रायग्लिसराइड २४०, दोन्हींपुढे ठळक अक्षरात ‘हाय’. त्याच संध्याकाळी घरातलं तूप, शेंगदाणे, खोबरं, अंड्यातला बलक सगळं बंद होतं. खरं तर आठव्या महिन्यासाठी हे दोन्ही आकडे नेहमीचे आहेत. लॅब छापते ती मर्यादा गरोदर नसलेल्या माणसाची असते आणि मशीनला महिना कितवा चाललाय ते माहीत नसतं. उलट एखादीचं ट्रायग्लिसराइड तिसऱ्या महिन्यातच २६० असतं आणि ‘गरोदरपणात वाढतंच’ म्हणून ते सोडून दिलं जातं. ते मात्र सोडून देण्यासारखं नसतं.

म्हणून पहिला नियम असा: लिपिडचा आकडा कधीही एकटा वाचायचा नाही. त्याच्या शेजारी गरोदरपणाचा आठवडा, साखरेचा आकडा आणि आईचं वजन लिहूनच तो वाचायचा.

चरबी वाढते कशासाठी

पहिल्या काही आठवड्यांत रक्तातली चरबी थोडी उतरते. त्यानंतर ती चढू लागते आणि बाळंतपणापर्यंत चढत राहते. एकूण कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढतं, तर ट्रायग्लिसराइड दुप्पट ते चौपट होतं. एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते सहाव्या महिन्याच्या आसपास सर्वांत वर असतं आणि शेवटी किंचित उतरतं.

यामागे शरीराचा नीट आखलेला हिशेब आहे. पहिले पाच-सहा महिने आई चरबी साठवते. नंतर वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात, साठवलेली चरबी सुटून यकृताकडे जाते आणि इस्ट्रोजेनमुळे यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. आईचं शरीर स्वतःची ऊर्जा अधिकाधिक चरबीतून काढू लागतं आणि ग्लुकोज बाळासाठी मोकळं राहतं. शेवटच्या तिमाहीत बाळाचं वजन झपाट्याने वाढतं, त्याची ही तयारी असते.

ट्रायग्लिसराइड वारेतून आख्खं पलीकडे जात नाही. वारेवरची विकरं ते फोडतात आणि सुटलेली मेदाम्लं बाळाकडे जातात. कोलेस्टेरॉलचं गणित वेगळं आहे. सुरुवातीला बाळ आईच्या कोलेस्टेरॉलवर बऱ्यापैकी अवलंबून असतं, पुढे स्वतःचं बनवू लागतं. त्यामुळे आईचं कोलेस्टेरॉल ३०० असलं तरी बाळाच्या नाळेतल्या रक्तात ते साधारण ६०-७० च्या घरातच असतं. आईचा आकडा जसाच्या तसा बाळात उतरत नाही, हे घाबरलेल्या घरांनी लक्षात ठेवावं.

ही तपासणी कोणी करायची

प्रत्येक गरोदर बाईने लिपिड तपासावं अशी शिफारस नाही, आणि पॅकेजमध्ये फुकट मिळते म्हणून करण्याचीही गरज नाही. पुढच्यांपैकी काही असेल तर मात्र पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडे विषय काढा: आधीच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल किंवा ट्रायग्लिसराइड जास्त होतं, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला तरुणपणीच हृदयविकाराचा झटका आला, आधीपासून मधुमेह आहे, थायरॉइड खूप कमी आहे किंवा लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार आहे, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती, किंवा दुसऱ्याच कुठल्या तपासणीत लॅबने ‘सीरम दुधाळ दिसतंय’ असा शेरा मारला. हा शेवटचा शेरा रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असतो आणि बहुतेक वेळा कुणी वाचत नाही. तो वाचा. ट्रायग्लिसराइड खूप चढल्याची ती सगळ्यात स्वस्तात मिळालेली सूचना असते.

रक्त देण्याआधी

एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणाने फारसं बदलत नाही. ट्रायग्लिसराइड बदलतं. म्हणून पहिली तपासणी उपाशी न राहता केली तरी चालते. त्यात ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर उपाशीपोटी पुन्हा करायची.

उपाशीपोटी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १० तास, त्याहून जास्त नाही. गरोदरपणात लांब उपाशी राहिलं की शरीर लवकर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात वाढतात. रात्री आठला जेवून सकाळी अकराला रक्त दिलं तर ते आईला चांगलं नाही आणि आकडाही भरवशाचा येत नाही. रात्री नऊला नेहमीसारखं जेवावं, पाणी हवं तितकं प्यावं, सकाळी सातपर्यंत रक्त द्यावं आणि डबा सोबत न्यावा. आदल्या रात्री ओटीभरणाचं जेवण, लग्न किंवा डोहाळजेवण असेल तर दोन-तीन दिवस थांबा. ताप, जुलाब, लघवीचा संसर्ग असेल तेव्हाही थांबा, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल खाली येतं.

साखरेसाठी उपाशीपोटीची ग्लुकोज चाचणी ठरलेली असेल तर ग्लुकोजचं पाणी पिण्याआधीच्या सुईतच लिपिडचं रक्त द्या. एकच टोचणी, एकच उपास. सरकारी केंद्रांवर मात्र बहुतेक ठिकाणी ७५ ग्रॅम ग्लुकोज उपाशी असा वा नसा तसंच देतात आणि २ तासांनी रक्त घेतात. तिथे २ तासांच्या त्या नमुन्यात ट्रायग्लिसराइड मोजून काही उपयोग नाही.

रक्त देण्याआधी ५ मिनिटं खुर्चीत बसा. आडवं पडून दिलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल बसून दिलेल्यापेक्षा कमी येऊ शकतं आणि दंडाला पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला तर जास्त येतं. दोन महिन्यांच्या रिपोर्टची तुलना करायची असेल तर लॅब तीच, वेळ तीच आणि बसणंही तसंच ठेवा.

आकडे तिमाहीप्रमाणे

वैद्यकीय संदर्भग्रंथांत निरोगी गरोदर स्त्रियांसाठी जे पल्ले दिले जातात ते खाली आहेत, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये. हे मोबाइलमध्ये जतन करून ठेवलं तर रिपोर्ट आल्यावर पाच मिनिटांत जुळवता येतो.

एकूण कोलेस्टेरॉल: पहिली तिमाही १४१ ते २१०, दुसरी १७६ ते २९९, तिसरी २१९ ते ३४९.
एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात): पहिली ६० ते १५३, दुसरी ७७ ते १८४, तिसरी १०१ ते २२४.
एचडीएल: पहिली ४० ते ७८, दुसरी ५२ ते ८७, तिसरी ४८ ते ८७.
ट्रायग्लिसराइड: पहिली ४० ते १५९, दुसरी ७५ ते ३८२, तिसरी १३१ ते ४५३.

आता वरचा रिपोर्ट पुन्हा बघा. आठव्या महिन्यात कोलेस्टेरॉल २६०, ट्रायग्लिसराइड २४०. दोन्ही पल्ल्याच्या आत.

एलडीएलबाबत एक फसगत होते. पुष्कळ लॅब एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. २६० मधून ६० गेले २००, २४० चा पाचवा हिस्सा ४८, म्हणून एलडीएल १५२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र चालत नाही आणि गरोदरपणात ते पुढे जाण्याची शक्यता जास्त. अशा वेळी लॅबला ‘एलडीएल डायरेक्ट’ मोजायला सांगा, नाहीतर तो आकडा सोडून द्या.

थांबून विचार करायला लावणारे आकडे हे: पहिल्या तिमाहीतच ट्रायग्लिसराइड २०० च्या वर, कधीही एचडीएल ४० च्या खाली, कधीही ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर. पहिल्या दोन्हींत साखर, थायरॉइड, रक्तदाब आणि वजनवाढ यांच्याकडे बारकाईने बघायचं. तिसरं आढळलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं. १००० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. तिथे घरगुती उपाय करत बसू नये.

बाळाच्या आकाराशी नातं

या विषयावरचं एक महत्त्वाचं काम आपल्याच मातीत झालं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. बहुतेक शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या; सरासरी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८ च्या आसपास. त्यांचं १८ व्या आणि २८ व्या आठवड्यातलं रक्त तपासलं आणि जन्मलेल्या बाळांची मापं घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की आईचं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड जसं जास्त तसं बाळाचं माप मोठं, आणि हा संबंध आईच्या साखरेइतकाच महत्त्वाचा होता. या बायकांना मधुमेह नव्हता, लठ्ठपणा नव्हता. म्हणजे बारीक, निरोगी आईतही बाळाची वाढ फक्त साखरेवर चालत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचं पोट आणि स्नायू फार कमी भरले, कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. वजनाने हलकं पण प्रमाणात चरबी जास्त, असं हे बाळ. म्हणून ‘वजन वाढलं म्हणजे बाळ सुदृढ’ हे समीकरण अर्धवट आहे आणि ‘चरबी कमी केली की बाळ निरोगी’ हेही.

दुसऱ्या टोकालाही पुरावा आहे. ॲम्स्टरडॅममधल्या सुमारे चार हजार गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्यांत रक्तदाबाचे त्रास, वेळेआधी प्रसूती आणि आठवड्याच्या मानाने फार मोठं बाळ यांचा धोका वाढलेला दिसला. एकूण कोलेस्टेरॉलचा मात्र तसा संबंध दिसला नाही. मधुमेह असलेल्या गरोदर बायकांवरच्या जर्मनीतल्या कामातही साखर नीट आटोक्यात असताना बाळाच्या आकारावर आईच्या ट्रायग्लिसराइडचा प्रभाव दिसला. आणि अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामध्ये, २००७ च्या एका अभ्यासात, कोलेस्टेरॉल फारच कमी असलेल्या आयांची पूर्ण दिवसांची बाळंही सरासरी १५० ग्रॅम हलकी निघाली.

हे सगळं जुळवलं की वागायचं कसं ते कळतं. एकूण कोलेस्टेरॉलच्या मागे लागू नका. लक्ष ट्रायग्लिसराइडवर ठेवा, आणि ते फार लवकर किंवा फार जास्त चढलं असेल तरच. बारीक, कमी वजनाच्या आईचं तेल-तूप तोडणं हा आपल्याकडे होणारा सर्वांत मोठा चुकीचा उपाय आहे.

ताटात काय बदलायचं

ट्रायग्लिसराइड वाढलं की घरात आधी तुपावर कुऱ्हाड पडते. पण यकृत ट्रायग्लिसराइड बनवतं ते मोठ्या प्रमाणात जादा साखर आणि पिठूळ पदार्थांतून. त्यामुळे कापायची सुरुवात इथून करा: चहातली साखर, फळांचा रस, उसाचा रस, सरबत, बिस्किटं, टोस्ट, खारी, पाव. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ३५ ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. चहा दोन कपांवर आणा, साखर अर्धा चमचा करा आणि तो जेवणापासून तासभर लांब ठेवा, म्हणजे लोहाच्या गोळीलाही अडथळा येणार नाही. फळ खायचं, त्याचा रस काढायचा नाही. पेरू, संत्रं, पपनस, जांभूळ ही चांगली; आंबा, चिकू, केळं एका वेळी एकच, जेवणावर नाही तर मधल्या वेळी.

उपास हा मोठा खड्डा आहे. संकष्टी किंवा एकादशीला दिवसभर काही नाही आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर तळलेला बटाट्याचा कीस आणि गोड दही. लांब उपाशीपोट आणि मग एकदम स्टार्च व तूप: ट्रायग्लिसराइड चढवायला याहून सोपी रीत नाही. गरोदरपणात उपास सोडला तर काही बिघडत नाही. धरायचाच असेल तर दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या आणि खिचडीच्या जागी वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक असं ठेवा.

तेलाचं माप असं ठरवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोषण शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला वरून दिसणारी चरबी, म्हणजे तेल, तूप, लोणी मिळून, दिवसाला ३० ग्रॅम लागते. लहान चमचा म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम, तेव्हा दिवसाला साडेसहा चमचे. पण चमच्याने मोजून फोडणी कुणी घालत नाही, म्हणून महिन्यावर मोजा. दिवसाला ३० ग्रॅम म्हणजे महिन्याला ९०० ग्रॅम, म्हणजे साधारण एक लिटर, तूप धरून. गरोदर बाई आणि तीन मोठी माणसं असं चौघांचं घर असेल तर महिन्याला सगळं मिळून साडेतीन लिटर पुरायला हवं. पिशवी फोडली त्या तारखेची चिठ्ठी बाटलीला चिकटवा. महिन्याला पाच-सहा लिटर जात असेल तर कुठे कमी करायचं ते लगेच दिसतं, बहुधा तळणात. आणि घरात महिन्याला दीड लिटरच जात असेल तर तिच्या वाट्याला पुरेसं येत नाही; तिच्या भातावर एक चमचा तूप वाढवा.

ही शेवटची ओळ गंभीरपणे घ्या. पुण्याच्या त्याच अभ्यासात १८ व्या आठवड्याला आहारात चरबी जास्त असलेल्या आयांची बाळं लांबीला आणि वजनाला जास्त भरली, आणि पालेभाज्या, दूध व फळं अधिक वेळा खाणाऱ्यांचीही. नुसत्या एकूण कॅलरी किंवा प्रथिनांशी तसा संबंध दिसला नाही. ‘कमी खा, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल’ हा सल्ला अजूनही कानावर पडतो. तो घातक आहे.

तेल कोणतं? शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी, सोयाबीन यांपैकी दोन आलटून-पालटून. वनस्पती तूप नको. तळणाचं उरलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका. ओमेगा-३ साठी कोकण-गोव्याकडे बांगडा, तारली, पेडवे आठवड्यातून दोनदा, कालवणात. तळून खाल्ले तर निम्मा हेतू जातो. मोरी अजिबात नको आणि सुरमईसारखे मोठे मासे क्वचितच, कारण त्यांत पारा साठतो. शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज एक-दोन चमचे आणि अक्रोड. मात्र जवसातल्या मेदाम्लापासून शरीर डीएचए, म्हणजे माशांत मिळणारं ओमेगा-३, फार थोडं बनवतं आणि गरोदरपणात दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए हवं असतं. त्यामुळे मासे न खाणाऱ्यांनी शेवाळापासून बनवलेल्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टरांची हरकत नसेल तर प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चालणं. साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्हींना ते लागू पडतं.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यावर आहाराचे नियम बदलतात. तेव्हा चरबी खरोखरच दिवसाला २० ग्रॅम किंवा त्याहूनही खाली आणावी लागते, आणि बाळाला लागणारी मेदाम्लं तरीही मिळावी लागतात. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे.

वजन, साखर आणि मिसरी

आईच्या वजनवाढीचा हिशेब सुरुवातीच्या बीएमआयवर बांधा. १८.५ च्या खाली असेल तर पूर्ण गरोदरपणात साडेबारा ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असेल तर साडेअकरा ते १६, २५ ते २९.९ असेल तर ७ ते साडेअकरा, ३० च्या वर असेल तर ५ ते ९ किलो. हे अमेरिकी आकडे आहेत. आपल्या सरकारी कार्यक्रमात साधारण ९ ते ११ किलो धरतात. आपल्याकडे २३ च्या पुढेच चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून २३-२४ वाल्यांनी पल्ल्याच्या खालच्या बाजूला राहिलेलं बरं.

मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ग्लुकोज पाजून २ तासांनी १४० किंवा त्याहून वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ट्रायग्लिसराइड आणि साखर दोन्ही वर असतील तर आधी साखर आटोक्यात आणायची. बऱ्याचदा ट्रायग्लिसराइड त्यामागोमाग उतरतं.

आणि मिसरी. घराघरात बाया दात घासायच्या नावाखाली मिसरी लावतात आणि तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती तंबाखू नसतेच. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ च्या अभ्यासात बिनधुराच्या तंबाखूने बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि वेळेआधी प्रसूती वाढल्या. बाळ लहान राहतंय म्हणून खाणं वाढवायचं आणि मिसरी चालू ठेवायची याला काही अर्थ नाही. आशाताईंनी प्रश्न नाव घेऊनच विचारावा: मिसरी लावता का, दिवसात कितीदा?

औषधं

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असताना दिवस राहिले तर घाबरून जाऊ नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुतेकींची गोळी थांबवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गरोदरपणातली सरसकट मनाई काढायला सांगितली, ती फार जोखमीच्या मोजक्या रुग्णांचा निर्णय डॉक्टरांना घेता यावा म्हणून. आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्यांना कधी कोलेस्टिरामिन देतात. ते शरीरात शोषलं जात नाही, पण फॉलिक ॲसिड आणि के जीवनसत्त्वाच्या आड येतं आणि ट्रायग्लिसराइड वाढवतं, म्हणून ट्रायग्लिसराइड जास्त असताना ते चालत नाही. फॉलिकची गोळी आणि ते यांच्यात काही तासांचं अंतर लागतं, ते नेमकं विचारून घ्या. ट्रायग्लिसराइड फारच चढलं तर ओमेगा-३, इन्सुलिन, फेनोफायब्रेट, क्वचित प्लाझ्मा बदलणं असे उपाय रुग्णालयात होतात.

बेंबीच्या वर मधोमध जोरात दुखणं, ते पाठीत जाणं आणि सोबत उलट्या: हे ॲसिडिटी म्हणून इनोवर टाकू नका. स्वादुपिंडाची सूज असू शकते किंवा रक्तदाब वाढून यकृतावर आलेला ताण असू शकतो. दोन्हींत रात्रीच रुग्णालय गाठायचं असतं. ट्रायग्लिसराइड जास्त असल्याचं दाखल करतानाच सांगा, कारण त्याने स्वादुपिंडाची सूज ओळखायच्या ॲमिलेज तपासणीचा आकडा खोटाच नॉर्मल आणि सोडियमचा खोटाच कमी येऊ शकतो. त्याच कामाची लायपेज तपासणी जास्त भरवशाची.

बाळ मोठं की लहान हे कसं ठरवायचं

सोनोग्राफीत येणारं वजन अंदाज असतो, १० ते १५ टक्के इकडेतिकडे. ३ किलो आलं तर खरं बाळ २.६ चं किंवा ३.४ चंही असू शकतं. एका सोनोग्राफीवरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने पोटाचा घेर कसा वाढतोय ते बघा. आणि सगळ्याचा पाया म्हणजे तारीख. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी झाली नसेल तर आठवडा चुकतो आणि नीट वाढलेलं बाळही ‘लहान’ ठरतं.

जन्मानंतर बाळ आधी आईच्या छातीवर, पहिलं दूध, मग वजन. पण शक्यतो पहिल्या तासाभरात. काटा ५ किंवा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, दुपटं टाकून शून्यावर आणलेला, बाळ पूर्ण उघडं. पहिल्या काही दिवसांत वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशीचा आकडा जन्माचं वजन म्हणून कार्डावर लिहू नये. लांबी सपाट फळीवर दोघांनी मिळून मोजायची: एकाने डोकं वरच्या पट्टीला टेकवायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच सरळ करून तळव्याला पट्टी लावायची. एकट्याने टेपने मोजलेली लांबी सहज दोन सेंटिमीटरने चुकते. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून मागच्या उंचवट्यावरून, तीनदा मोजून सर्वांत मोठा. प्रसूतीत डोक्याला आकार आला असेल तर दोन दिवसांनी पुन्हा.

मग ही मापं आठवडा आणि मुलगा-मुलगी यांप्रमाणे इंटरग्रोथ-२१ या नवजात बाळांच्या मापांच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यावर ठेवा. हा तक्ता बनवताना जगातली आठ ठिकाणं घेतली होती, त्यांत आपलं नागपूर होतं. दहाव्या शतमानाच्या (शंभर बाळं मापाप्रमाणे ओळीत लावली तर खालून दहाव्या जागेच्या) खाली लहान, नव्वदाव्याच्या वर मोठं. डोकं आणि लांबी ठीक पण वजनच कमी असेल तर शेवटच्या महिन्यांत पोषण कमी पडल्याची शक्यता जास्त. तिन्ही कमी असतील तर कारण आधीपासूनचं असू शकतं. फार लहान, फार मोठं, किंवा आईला मधुमेह असेल तर बाळाच्या टाचेतून रक्तातली साखर पहिल्या २४ तासांत पुन्हापुन्हा तपासावी लागते. मोठ्या गुटगुटीत बाळाची साखर उतरणार नाही असं समजू नका, त्यांचीही उतरते.

बाळंतपणानंतर

ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांत खाली येतं, अंगावर पाजणाऱ्यांचं आणखी लवकर. कोलेस्टेरॉल सावकाश उतरतं. म्हणून दीड महिन्याच्या आत लिपिड तपासू नका. पुन्हा तोच ‘हाय’ येईल. मधुमेह झाला असेल तर ग्लुकोजची चाचणी ६ ते १२ आठवड्यांत करायचीच असते, पण लिपिडसाठी बाळाच्या १४ आठवड्यांच्या लसीचा दिवस धरा. पाजणाऱ्या आईने उपाशी राहायची गरज नाही. खाऊन दिलेल्या रक्तात ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच उपाशीपोटी पुन्हा. गरोदरपणात ते ५०० च्या वर गेलेलं असेल तर मात्र इतकं थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं पहिल्याच आठवड्यांत तपासायचं, आणि तोवर डिंकाचे-मेथीचे लाडू दिवसाला दोन-तीन न देता आहारतज्ज्ञाला विचारून ठरवायचे.

तीन महिन्यांनंतरही एलडीएल १९० च्या वर राहिलं तर तो आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा प्रकार असू शकतो. मग फक्त आईची नाही, तिच्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी करून घ्या, आणि बाळाच्या डॉक्टरांना ते लेखी कळवा.